पैनगंगेवरची नाकेबंदी

हिमायतनगरहून उत्तरेला निघालं की पैनगंगा लागते आणि पलीकडे उमरखेडचा मुलूख. आज ही नदी म्हणजे नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची शीव, एवढंच. १९४८ साली ती दोन सत्तांची शीव होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे स्वतंत्र भारताचा मध्यप्रांत-वऱ्हाड. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार. सात हाली मोजले की साधारण सहा कलदार हाती पडत. बैलगाडी नदीपार न्यायची तर करोडगिरीच्या नाक्यावर थांबायचं, माल दाखवायचा, जकात भरायची, आणि नाकेदाराची मर्जीही राखायची.

गावाचं जुनं नाव वाढोणा. परमेश्वराचं देऊळ अजूनही वाढोण्याचंच म्हणून ओळखलं जातं. हिमायतनगर हे नाव निजामाच्या थोरल्या शहजाद्याचं, हिमायत अली खान यांचं. १९३६ साली इंग्रजांनी याच शहजाद्याला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब दिला. वऱ्हाड १९०२ पासून कायमच्या पट्ट्याने इंग्रजांच्या ताब्यात होतं, निजामाकडे नुसती नावापुरती मालकी उरली होती. म्हणजे शहजाद्याच्या नावाचं गाव नदीच्या एका तीरावर आणि ज्या मुलखाचा तो कागदोपत्री राजपुत्र, तो मुलूख दुसऱ्या तीरावर. संस्थानांच्या कारभारात असले विनोद पुष्कळ होते.

या सरहद्दीवर १९४८ च्या आठ-नऊ महिन्यांत जे घडलं, ते आज वेगळ्या कारणाने आठवतं. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथलं लष्कर आपल्याच खेड्यांवर विमानांतून बॉम्ब टाकत आलं आहे. ११ एप्रिल २०२३ रोजी सागाइंग प्रांतातल्या पाझीजी या गावी जमलेल्या लोकांवर हल्ला झाला, त्यात शंभरावर माणसं मेली. त्याच वर्षी पाश्चात्त्य देशांनी विमानाच्या इंधनाच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. इंधन तोडलं की विमान उडणार नाही आणि विमान उडालं नाही की गाव वाचेल, असा हा हिशेब. हा हिशेब न्यूयॉर्क-जिनिव्हाच्या दालनांतला वाटतो. पण मराठवाड्याने हे सगळं एकाच वर्षात अनुभवलं आहे: पेट्रोलबंदी, नाकेबंदी चुकवून येणारी विमानं, बॉम्बहल्ले आणि संयुक्त राष्ट्रांत गेलेली फिर्याद. फरक एकच. इथे नाकेबंदी ज्याने केली, त्याचीच विमानं शेवटी आभाळात आली.

सुरुवात झाली ती कराराने. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. मुदत एक वर्षाची. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण या बाबतींत इंग्रजांच्या वेळी जे होतं तेच चालू राहील, असा त्याचा आशय. शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात अवैध ठरलं. वर पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे भारत सरकारचे रोखे कर्जाऊ देण्यात आले. दिल्लीत संताप झाला तो यामुळे.

संस्थानात तोवर रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, डोकं वर काढलं होतं. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. मराठवाड्याच्या एका बाजारपेठेतला हा वकील बघता बघता असा बळावला, की निजामाचा पंतप्रधान मीर लायक अली त्याच्या कलाने चालतो की निजाम चालतो, याचाच लोकांना पत्ता लागेना. दुसऱ्या बाजूला स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडे जाऊन बसले. त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, दिगंबरराव बिंदू कृती समितीचे अध्यक्ष, आणि सोलापूर-बार्शीपासून उमरखेडपर्यंत सगळ्या सीमेवर कॅम्प. पैनगंगेच्या पलीकडून रात्री माणसं यायची, करोडगिरीचा नाका जाळायची, ठाण्यावर चालून जायची आणि उजाडायच्या आत परत नदीपार व्हायची. ३० जानेवारी १९४८ ला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली. २० लाखांवर रक्कम कॅम्पांसाठी हाती आली. या लढ्यात कामी आलेल्यांची नावं आता शाळा-महाविद्यालयांच्या पाट्यांवर आहेत. हिमायतनगरच्या महाविद्यालयाला हुतात्मा जयवंतराव पाटलांचं नाव आहे.

आता नाकेबंदीकडे येऊ. भारत सरकारने ‘आम्ही हैदराबादची नाकेबंदी केली’ असं कधीच कबूल केलं नाही. अधिकृत भूमिका अशी, की शस्त्रं, दारूगोळा आणि लष्करी उपयोगाच्या वस्तूच तेवढ्या अडवल्या आहेत. प्रत्यक्षात संस्थानाला चहूबाजूंनी भारताचाच वेढा. समुद्र नाही, बंदर नाही. गोव्याचं मार्मागोवा बंदर पोर्तुगीजांकडून मिळावं म्हणून निजामाच्या माणसांनी खटपट करून पाहिली होती, ती फळली नाही. रेल्वे संस्थानची असली तरी सरहद्दीवरच्या स्टेशनापलीकडे डबा हलायचा तो भारताच्या मर्जीने. मग कुणी लेखी हुकूम न काढताही काय होतं, हे सरकारी खात्यांत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. शेजारच्या प्रांतांतला मालबाबू वॅगन बाजूच्या रुळावर ढकलतो. जिल्ह्याचा अधिकारी परवान्यावर सही करत नाही. नाक्यावरचा शिपाई घासलेटचा डबा उतरवून घेतो. वरच्याने नुसत्या भुवया उंचावल्या की खालचा हात आखडतो.

निजाम सरकारची ओरड होती, की पेट्रोल तर बंद आहेच, पण औषधं येत नाहीत आणि पिण्याचं पाणी शुद्ध करायचं क्लोरीनही येत नाही. निजामाचे इंग्रज सल्लागार वॉल्टर माँक्टन यांनी हे गाऱ्हाणं मोठमोठ्यांच्या कानी घातलं. लंडनच्या पार्लमेंटात चर्चिलने हैदराबादची बाजू उचलून धरली. ही ओरड सगळी खोटी नव्हती, सगळी खरीही नव्हती. लायक अलीच्या सरकारला प्रजेच्या आजारपणाचा कळवळा एकदम जगापुढे मांडताना आला, त्याच वेळी मराठवाड्याच्या खेड्यांत रझाकारांचे जथे लूटमार करत हिंडत होते आणि शेतकऱ्याच्या पेवातलं धान्य लेव्हीत जात होतं. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याला रझाकारांनी हत्याकांड केलं, तेव्हा मेलेल्यांना क्लोरीनचा काही उपयोग नव्हता. तरीही दिल्लीच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. मीठ, औषध आणि घासलेट अडतं तेव्हा त्याचा चटका किंग कोठीतल्या निजामाला बसत नाही. तो बसतो हिमायतनगरसारख्या गावाच्या आठवडी बाजाराला. पैनगंगेच्या काठचा माणूस दोन्हीकडून नाडला गेला: अलीकडे रझाकार, पलीकडे बंद नाका.

ज्यासाठी नाकेबंदी, ती शस्त्रं मात्र आली. तीही आभाळातून.

सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियाचा वैमानिक. दुसऱ्या महायुद्धात आकाशातून टेहळणीचे फोटो काढण्याचं तंत्र ज्यांनी उभं केलं, त्यांतला तो अग्रणी. साहसी, हिकमती आणि पैशाला न लाजणारा. १९४८ च्या जूनमध्ये माउंटबॅटन भारत सोडून गेले, वाटाघाटी फिसकटल्या, आणि कॉटनची लँकेस्ट्रियन विमानं कराचीहून रात्री उडू लागली. लँकेस्ट्रियन म्हणजे महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बर विमानाची प्रवासी-मालवाहू आवृत्ती. भारताच्या हद्दीवरून, अंधारात, ती बीदरला आणि वरंगळला उतरायची; पोटात बंदुका, मशीनगन, दारूगोळा. त्या रात्रीच्या वेळी त्यांना अडवायची सोय भारतीय हवाई दलाकडे नव्हती. भारताने हैदराबादच्या डेक्कन एअरवेजची उड्डाणं बंद पाडली, ब्रिटनकडे तक्रारी केल्या. पुढे इंग्लंडच्या कोर्टात कॉटनला शिक्षा झाली ती काय, तर २०० पौंड दंड. तेवढी रक्कम त्याने बहुधा खिशातल्या सुट्ट्यातून दिली असेल.

निर्बंधांना अशी गळती ठेवण्याची खोड जुनी आहे. १९३५ च्या ऑक्टोबरात इटलीने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर चाल केली. राष्ट्रसंघाने नोव्हेंबरात इटलीवर आर्थिक निर्बंध लादले, पण तेल त्यातून वगळलं. मुसोलिनीची विमानं त्याच तेलावर उडाली आणि त्यांनी खेड्यांवर, रेडक्रॉसच्या दवाखान्यांवर बॉम्ब आणि विषारी वायू टाकला. सम्राट हैले सेलासी ३० जून १९३६ ला स्वतः जिनिव्हात येऊन बोलला. पंधरवड्यात निर्बंध उठवले गेले. हैदराबादच्या वेळी उलटा प्रकार झाला. पेट्रोल पहिल्यांदा अडवलं गेलं, आणि ते बऱ्यापैकी अडलंही. कॉटनच्या फेऱ्यांनी बंदुका आल्या, पण सैन्य हलवायला लागणारं इंधन विमानाच्या पोटातून पुरवता येत नाही.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेकडे तार केली. सनदेच्या ३५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली, म्हणजे सभासद नसलेल्या राज्याला तंटा मांडायची जी मुभा आहे तिचा आधार घेऊन. फिर्याद अशी, की भारत आमची आर्थिक कोंडी करतो आहे आणि स्वारीच्या धमक्या देतो आहे. त्याच रात्री हैदराबाद शहरात ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांना रझाकारांनी गाठून ठार मारलं. संस्थानने भारतात विलीन व्हावं, असं हा मुसलमान पत्रकार उघड लिहीत होता, हा त्याचा गुन्हा. जगाकडे संरक्षण मागणारं सरकार आपल्या राजधानीत एका संपादकाला संरक्षण देऊ शकलं नाही. परिषदेपुढे पुढे जो युक्तिवाद झाला त्यापेक्षा ही एक रात्र मला जास्त बोलकी वाटते.

११ सप्टेंबरला कराचीत जिना वारले. १३ तारखेला पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालचं भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरलं. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत ताब्यात आला. त्याच दिवशी हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. कॉटनची विमानं जिथे उतरत, नेमक्या त्याच जागा. नाकेबंदीला जे तीन महिने जमलं नाही ते एका सकाळी झालं. दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढे राजेश्वरच्या वाटेवर दबा धरून बसलेल्या तुकड्या टेहळणीत दिसल्या, तिथे पुन्हा टेंपेस्ट आली आणि रस्ता मोकळा झाला. उत्तरेकडून मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्या औरंगाबादवर आल्या. शहराच्या अधिकाऱ्यांनी पांढरं निशाण दाखवलं. मग जालना, १५ तारखेला लातूर, पुढे मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई. तिथे गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि हत्यारं खाली ठेवली.

निजामाकडे लढाऊ हवाई दल नव्हतं. विमानविरोधी तोफांचं नाव नको. म्हणजे शहरांवर बॉम्ब टाकायचं ठरवलं असतं तर अडवणारं कुणी नव्हतं. पण हल्ले धावपट्ट्यांवर, मोर्च्यांवर आणि सैन्याच्या वाटेवर झाले. हे कशामुळे? दिल्लीला हा मुलूख उद्या आपलाच करायचा होता, आणि त्यातली बहुसंख्य प्रजा आपल्या बाजूची आहे हे तिला ठाऊक होतं. जगाचं दडपण हे कारण त्यानंतरचं. आपल्या मुलखावर कुणी बॉम्ब टाकत नाही असं म्हणावं, तर म्यानमारचं लष्कर आहेच. तेव्हा हिशेब असतो तो हेतूचा, मालकीचा नसतो.

परिषद भरली १६ सप्टेंबरला. त्या वर्षी आमसभेचं अधिवेशन पॅरिसला होतं, म्हणून सुरक्षा परिषदही तिथेच बसली. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे अलेक्झांडर कॅडोगन. हैदराबादच्या वतीने मोइन नवाज जंग, भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार. हैदराबाद हे मुळात स्वतंत्र राज्यच नाही, तेव्हा परिषदेला यात अधिकार नाही, हे मुदलियारांचं म्हणणं. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायचा की नाही यावर मतदान झालं: बाजूने ८, विरुद्ध कुणी नाही, तटस्थ ३, त्यांत चीन, सोव्हिएत रशिया आणि युक्रेन. आणि एवढ्यावर बैठक उठली. १७ ला संध्याकाळी निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. २२ ला निजामाने परिषदेला तार केली, की आमची फिर्याद मागे घेतली आहे. सैन्य पाच दिवसांत हैदराबादला पोचलं, परिषद मात्र विषयसूचीपाशीच राहिली. निर्बंधांचा विचार तिथवर गेलाच नाही. संयुक्त राष्ट्रांनी सक्तीचे निर्बंध पहिल्यांदा लादले ते १९६६ साली, ऱ्होडेशियावर.

या सगळ्यात एक पैसा मात्र खरोखर गोठला. २० सप्टेंबरला, म्हणजे शरणागतीनंतर, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले निजाम सरकारचे दहा लाखांवर पौंड मोइन नवाज जंग यांनी पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे वळवले. निजामाने लगेच ते परत मागितले. दावे लागले, लॉर्डांच्या सभागृहापर्यंत गेले, आणि रक्कम बँकेत अडकून पडली. कॉटनने आणलेल्या शस्त्रांची ही किंमत होती, असाही युक्तिवाद पाकिस्तानने पुढे कोर्टात केला. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या उच्च न्यायालयाने तो नाकारला. तोवर व्याजासह साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेलेली ही रक्कम भारत सरकार आणि निजामाचे दोन नातू, म्हणजे शहजादा हिमायत अली खान यांचे मुलगे, यांच्या बाजूला आली. एकाहत्तर वर्षं गोठलेला पैसा; कुठल्याही निर्बंधाने इतका काळ तग धरलेला मला माहीत नाही.

आणि आता जे लिहायचं ते मराठवाड्यात अजून मोठ्याने बोललं जात नाही. बॉम्ब थांबले, सैन्य पोचलं, रझाकार पळाले, आणि मग गावागावांत सूड सुरू झाला. नाव मुसलमानाचं असलं की पुरे. तो रझाकार होता की नव्हता हे बघायला कुणी थांबलं नाही. सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी जिल्हे पायाखाली घातले. त्यांचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे सप्टेंबरमधल्या या लष्करी कारवाईच्या, वेळी आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत वाईट चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूरबद्दल त्यांनी लिहिलं ते असं, की कत्तल वीस दिवसांवर चालली, हजारावर माणसं मेली, आणि गावातल्या साधारण दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शिल्लक दिसले. कच्छी व्यापाऱ्यांची भरभराटीची पेठ बसली. शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणारे हिंदूही त्यांना जागोजागी भेटले, विशेषतः एकाच धंद्यातले. तेही त्याच अहवालात आहे.

टेंपेस्ट विमानांनी या चार जिल्ह्यांत जेवढी साधी माणसं मारली असतील, त्याच्या कितीतरी पट जमिनीवरून मारली गेली. आधी रझाकारांनी, मग त्यांच्या नावाने सूड घेणाऱ्यांनी. नाकेबंदी, पेट्रोलबंदी, सुरक्षा परिषद यांतलं काहीही त्यांच्या उपयोगी पडलं नाही, कारण ती सगळी हत्यारं सरकारांकडे रोखलेली होती आणि मारणारा हात शेजारचा होता.

बंदीची हीच हत्यारं पुढेही निघाली. २०११ साली लिबियावर उड्डाणबंदी लादण्याचा ठराव, क्रमांक १९७३, सुरक्षा परिषदेत आला. शस्त्रबंदी, गोठवलेली खाती आणि नागरिकांच्या रक्षणासाठी आभाळ बंद, असं सगळं एका ठरावात. भारत तेव्हा परिषदेचा सभासद होता आणि तटस्थ राहिला. पॅरिसचा १६ सप्टेंबर दिल्लीतल्या कुणाला आठवला असेल की नाही, कोण जाणे. पण नागरिकांच्या नावाने घातलेल्या बंदीकडे सावधपणे बघायला आपल्याकडे कारण होतं.

माझं मत विचाराल तर शस्त्रं आणि पेट्रोल अडवलं ते बरोबर केलं. पेट्रोलची चणचण आणि दारूगोळ्याचा तुटवडा नसता तर अल इद्रूस यांचं सैन्य पाच दिवसांत संपलं नसतं, आणि लांबलेल्या लढाईत टेंपेस्ट आणखी कुठे कुठे आली असती ते सांगता येत नाही. औषध आणि क्लोरीन अडलं असेल तर ते चूक. त्याने निजाम एक दिवसही आधी नमला नाही.

सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला होता. आता तो दिल्लीच्या पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालयात, म्हणजे पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात, वाचायला मिळतो. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आपण दर वर्षी करतो, ते करावंच. त्यासोबत हिमायतनगर, हदगाव, किनवट, लातूर इथल्या शिक्षकांनी आणि वाचकांनी हा अहवालही मिळवून वाचावा, आणि नव्वदीतली जी माणसं अजून बोलती आहेत त्यांच्याकडून नाक्याची, मिठाची, रझाकारीची आणि त्यानंतरच्या वीस दिवसांची हकीकत लिहून घ्यावी. हे काम पुढच्या पाच वर्षांत झालं नाही तर नंतर होणार नाही.